डिस्चार्जनंतरचे तीन आठवडे: बेथेस्डाच्या रुग्णालयातला क्लेब्सिएला

पार्श्वभूमी

१३ जून २०११ रोजी न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयातून एक स्त्री रुग्ण मेरीलँड राज्यातल्या बेथेस्डा इथे हलवण्यात आली. आधी फुप्फुस प्रत्यारोपण झालेलं, त्यातून गुंतागुंत झालेली, प्रकृती नाजूक. तिला घेणारं रुग्णालय म्हणजे अमेरिकी सरकारच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचं क्लिनिकल सेंटर. इथे येणारा जवळपास प्रत्येक रुग्ण कुठल्या ना कुठल्या संशोधनात सहभागी असतो. त्यामुळे कर्करोग, अस्थिमज्जा प्रत्यारोपण, दुर्मीळ प्रतिकारशक्ती-विकार असे, साध्या जंतूपुढेही हतबल होणारे रुग्ण इथे एका छताखाली जमलेले असतात.

तिच्या कागदपत्रांत एक नोंद स्पष्ट होती. तिच्या शरीरात केपीसी प्रकारचा क्लेब्सिएला न्यूमोनिये आहे.

क्लेब्सिएला हा तसा आतड्यात राहणारा जंतू. धडधाकट माणसाच्या पोटात तो असला तरी काही बिघडत नाही. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण, लघवीची नळी, गळ्यातली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), उघडी जखम यांतून तो रक्तात किंवा फुप्फुसात उतरला की खरा प्रश्न सुरू होतो. केपीसी हे त्याच्याकडच्या एका एन्झाइमचं नाव. मेरोपेनेम, इमिपेनेम ही कार्बापेनेम गटातली औषधं आपण बाकी सगळं थकल्यावर काढतो, आणि हे एन्झाइम नेमकी तीच तोडून टाकतं. नॉर्थ कॅरोलिनात १९९६ साली मिळालेल्या एका नमुन्यात ते पहिल्यांदा सापडलं आणि पुढच्या दशकात न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत चांगलंच मुरलं. त्या काळी अशा रुग्णासाठी उरत ती कोलिस्टिनसारखी जुनी, मूत्रपिंडावर जड पडणारी औषधं.

हे प्रकरण मी मुद्दाम निवडलं आहे. आपल्याकडे संसर्ग नियंत्रणाची बैठक झाली की पहिल्या पाच मिनिटांत मनुष्यबळाचा विषय निघतो, मग हॅन्ड रबच्या बाटल्यांचा, मग जागेचा. बेथेस्डात यातलं काहीही कमी नव्हतं. प्रयोगशाळा जगातल्या उत्तमांपैकी, पैसा सरकारी संशोधन संस्थेचा, परिचारिका पुरेशा. तरीही जंतू पसरला. त्यामुळे चूक कुठे झाली हे शोधताना टंचाईकडे बोट दाखवून सुटता येत नाही.

पुढे जे लिहिलं आहे ते त्या संस्थेतल्याच संशोधकांनी ऑगस्ट २०१२ मध्ये जाहीर केलेल्या माहितीवर आधारलेलं आहे. रुग्णांची ओळख तिथेही फक्त क्रमांकाने आहे. मीही रुग्ण १, रुग्ण २ असंच म्हणेन. मतं मात्र माझी.

रुग्ण १ आली तेव्हा

रुग्णालयाला धोका ठाऊक होता, आणि पहिल्या दिवसापासून काळजी घेतली गेली. स्वतंत्र खोली, आत जाणाऱ्या प्रत्येकाला गाऊन आणि ग्लव्हज, तिच्यासाठी वेगळी उपकरणं. आयसीयूत ती फार काळ नव्हतीच. थोडा थोडा वेळ दोनदा, बाकी मुक्काम वॉर्डात. १५ जुलैला ती घरी गेली. तिथवर आणखी कुणाच्या नमुन्यात हा जंतू आलेला नव्हता.

इथवरची गोष्ट कुठल्याही मान्यताप्राप्त रुग्णालयाच्या फाइलमध्ये 'यशस्वी विलगीकरण' म्हणून लागली असती.

अडचण

५ ऑगस्टला रुग्ण २ च्या श्वासनलिकेतल्या स्रावात केपीसी क्लेब्सिएला मिळाला. रुग्ण १ जाऊन तीन आठवडे झाले होते आणि हे दोघे एकाच वेळी एका जागी कधीच नव्हते. ऑगस्टमध्येच आणखी दोन रुग्ण सापडले. पुढे साधारण आठवड्याला एक या गतीने नवा रुग्ण मिळत राहिला, वर्षअखेरपर्यंत.

पहिला प्रश्न साधा वाटतो पण आहे अवघड. हा तोच जंतू, की बाहेरून नव्याने आलेला दुसरा?

उत्तरावर पुढची सगळी कृती अवलंबून होती. बाहेरून नवा आला असेल तर दाखल होणाऱ्यांची तपासणी कडक करायची. तोच असेल तर त्याचा अर्थ अधिक वाईट निघतो. म्हणजे तो तीन आठवडे याच इमारतीत कुठेतरी होता, कुणाच्या तरी आतड्यात किंवा कुठल्या तरी वस्तूवर, आणि कुणाला दिसला नाही.

त्या काळी असे दोन नमुने ताडून पाहायची रूढ पद्धत म्हणजे जंतूचा डीएनए ठरावीक जागी तोडून, जेलवर उमटणाऱ्या पट्ट्यांचा नमुना पाहायचा. इथे ती कुचकामी ठरली. अमेरिकेतल्या केपीसी क्लेब्सिएलाचा मोठा हिस्सा एसटी २५८ या एकाच कुळातला असल्याने पट्ट्या तशाही जुळणारच होत्या. जुळल्या म्हणून नातं सिद्ध होत नव्हतं.

पहिला निर्णय: जनुकसंच वाचायचा

त्याच आवारात जनुकशास्त्राची संस्था असल्याचा इथे फायदा झाला. रुग्णालयातले संसर्गतज्ज्ञ आणि जनुकशास्त्रज्ञ एकत्र बसले आणि प्रत्येक रुग्णाच्या जंतूचा पूर्ण जनुकसंच वाचायचं ठरलं. डीएनएच्या सुमारे साठ लाख अक्षरांचा हा संच. साथीतल्या सगळ्या नमुन्यांत मिळून फरक सापडले ते फक्त ४१ जागी.

एवढ्याशा फरकांतून बरंच काही कळलं. रुग्ण १ च्या शरीरातल्या वेगवेगळ्या जागांवरून घेतलेले जंतूही आपसांत किंचित वेगळे होते, कारण तिच्या शरीरात तो बराच काळ मुक्कामाला होता. मग इतर रुग्णांचे जंतू तिच्या कुठल्या जागच्या जंतूशी जुळतात ते पाहिलं गेलं. निष्कर्ष असा निघाला की तिच्याकडून जंतू एकदा नव्हे, तीन वेगवेगळ्या वेळी, दोन वेगवेगळ्या शरीरस्थानांवरून बाहेर पडला होता. त्या तीन धाग्यांतून सगळी साथ विणली गेली.

म्हणजे बाहेरून दुसरा कुणी आला नव्हता. गाऊन, ग्लव्हज, स्वतंत्र खोली असतानाही तीनदा गळती झाली होती. ती नेमकी कुठे झाली, म्हणजे कुणाच्या हातावरून, कुठल्या पंपावरून, हे जनुकसंच सांगत नाही. तो फक्त 'याच्याकडून त्याच्याकडे' एवढंच सांगतो, तेही अंदाजाने. पुढचं शोधायला वॉर्डच्या नोंदी, खाटांची अदलाबदल, उपकरणांची रजिस्टर हाताशी लागतात. बेथेस्डात त्या नोंदी होत्या. जनुकसंचाने अनपेक्षित दुवा दाखवला की संशोधक मागे जाऊन नोंदी चाळत आणि काही वेळा त्या दुव्याचं संभाव्य कारणही सापडत असे.

माझ्या मते या प्रकरणातून आपण घ्यावं ते हेच, भले जनुकसंच वाचण्याचं यंत्र आपल्याकडे नसो. कुठला रुग्ण कुठल्या खाटेवर कधीपासून कधीपर्यंत होता, कुठला व्हेंटिलेटर कुणाला लागला, हे आपल्या किती आयसीयूंमध्ये महिन्याभरानंतर सांगता येईल? व्हेंटिलेटरला क्रमांक असतो, पण केसपेपरवर तो लिहिला जात नाही. एका रकान्याचं काम आहे.

सापडण्याचा क्रम आणि पसरण्याचा क्रम

दुसरी गोष्ट जनुकसंचाशिवाय कळलीच नसती. रुग्ण ज्या क्रमाने सापडले त्या क्रमाने जंतू पसरलेला नव्हता. काही जणांकडे तो आधीच आलेला होता, फक्त आठवडेच्या आठवडे गप्प बसला होता. ना ताप, ना पांढऱ्या पेशींत वाढ, ना कल्चर (नमुन्यातला जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) पाठवायचं कारण. असे वाहक इतरांना जंतू देत राहिले आणि रजिस्टरमध्ये ते 'स्वच्छ' राहिले.

१५ जुलै ते ५ ऑगस्टचं कोडं इथे सुटतं. त्या तीन आठवड्यांत नवा रुग्ण नव्हता असं नाही. नवा आजारी नव्हता, एवढंच.

डिस्चार्जच्या दिवशी वेगळं काय करता आलं असतं? रुग्ण १ आयसीयूत असताना जे जे तिथे होते, त्यांची यादी करून, ते पुढे कुठल्याही वॉर्डात गेले असले तरी त्यांच्या गुदद्वाराजवळच्या स्वॅबची तपासणी काही आठवडे चालू ठेवता आली असती. तसं झालं असतं तर साथ टळलीच असती असं मी म्हणणार नाही. एका स्वॅबने वाहक सापडतोच असं नाही. आतड्यात जंतूची संख्या कमी असली तर तो निगेटिव्ह येतो, आणि रुग्णाला अँटिबायोटिक सुरू झालं की बाकीचे जंतू मरून हाच वाढतो व मग दिसू लागतो. म्हणून पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. तरीही ऑगस्टची तयारी जुलैत सुरू झाली असती.

समोर असलेले मार्ग

साथ सुरू आहे हे नक्की झाल्यावर रुग्णालयापुढे सैद्धांतिकदृष्ट्या काय काय होतं ते पाहू.

आयसीयू बंद करणं हा सगळ्यात सोपा वाटणारा मार्ग. पण तिथल्या रुग्णांना न्यायचं कुठे? दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं तर जंतूही सोबत जाणार. न्यूयॉर्कहून बेथेस्डाला तो असाच आला होता. शिवाय इथल्या अनेकांच्या उपचारांची सोय इतरत्र नव्हतीच.

प्रत्येक बाधिताला जागच्या जागी स्वतंत्र खोलीत ठेवणं हा दुसरा. तो रुग्ण १ च्या वेळी वापरून झाला होता. खोली वेगळी असली तरी परिचारिका, श्वसनतंत्रज्ञ, एक्स-रेचं यंत्र, फिजिओथेरपिस्ट हे सगळे सामाईक राहतात.

तिसरा मार्ग बाधितांना एकत्र एका भागात ठेवून त्यांच्यासाठी माणसंही वेगळी नेमण्याचा. याचा दाखला तेव्हा ताजा होता. इस्रायलमध्ये २००६ च्या सुमारास हाच जंतू देशभरच्या रुग्णालयांत पसरला होता. मार्च २००७ पासून तिथे राष्ट्रीय पातळीवर सक्ती झाली. बाधित रुग्ण वेगळे, त्यांच्या परिचारिका वेगळ्या, आणि रोजच्या रोज केंद्राकडे अहवाल. दर लाख रुग्णदिवसांमागे महिन्याला ५५.५ नव्या रुग्णांचं प्रमाण मे २००८ पर्यंत ११.७ वर आलं. औषध नवं नव्हतं, लस नव्हती. फक्त माणसं विभागली होती.

बेथेस्डाने हा तिसरा मार्ग धरला आणि त्यावर बरंच काही रचलं.

काय केलं

आयसीयूत बाधितांचा भाग वेगळा काढण्यासाठी चक्क भिंत उभारली. त्या भागातल्या परिचारिका आणि उपकरणं पलीकडे जाणार नाहीत असं ठरलं. सगळ्या आयसीयू रुग्णांचे नियमित स्वॅब सुरू झाले. रिकाम्या झालेल्या खोल्या ब्लीचने पुसून वर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेने निर्जंतुक केल्या.

आणखी एक गोष्ट केली ती मला सगळ्यात धाडसी वाटते. हात धुतले जातात की नाही, गाऊन-ग्लव्हज नीट घातले-काढले जातात की नाही, हे पाहण्यासाठी माणसं नेमली. रात्रंदिवस. त्यांना दुसरं काही काम नव्हतं आणि चुकणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवायचा अधिकार होता, मग तो कुणीही असो.

हे आपल्याकडच्या वॉर्डात करून पाहण्याचा विचार करा. संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टर राउंडच्या वेळी हात न धुणाऱ्या मामा-मावशींना टोकतात, इंटर्नलाही टोकतात. युनिटच्या प्रमुखांना? सर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जातात, पोटाला हात लावतात, मागून येणारी सगळी रांग तेच करते, आणि हॅन्ड रबची बाटली खाटेच्या पायथ्याशी भरलेलीच राहते. जागतिक आरोग्य संघटनेचे हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण भिंतीवर मराठीतही लागलेले असतात. ते तोंडपाठ असणारी व्यक्ती सहसा त्या रांगेत सर्वात मागे उभी असते. म्हणून टोकण्याचा अधिकार लेखी हवा, वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीने, आणि पहिल्या आठवड्यात तो वरिष्ठांवरच वापरला गेला पाहिजे. एकदा सरांनी 'हो, बरोबर आहे' म्हणून हात पुढे केला की बाकी काम आपोआप होतं. ते चिडले तर वर्षभराचं प्रशिक्षण पाण्यात.

व्हेंटिलेटर आणि सिंक

एवढं करूनही रुग्ण सापडत राहिले. तेव्हा शोध वस्तूंकडे वळला.

साफ केलेल्या एका व्हेंटिलेटरवर जंतू मिळाला. स्वच्छता झाली होती, नोंद होती, पण जंतू टिकून होता. क्लेब्सिएला हा कोरड्या पृष्ठभागावर फार काळ टिकत नाही असा समज होता. या घटनेने त्याला तडा गेला.

सिंकच्या निचऱ्याच्या नळ्यांतही तो सापडला. इथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्या वॉर्डांत नेमकी हीच जागा सर्वात दुर्लक्षित असते. सिंकखाली वळलेल्या नळीत पाणी कायम साठून राहतं. त्या ओल्या भिंतींवर जंतू चिकट थर करून राहतात, आणि ब्लीच वरून ओतलं तर त्या थराच्या पृष्ठभागाला शिवून पुढे निघून जातं. नळाची धार सरळ निचऱ्याच्या जाळीवर पडली की तिथून बारीक थेंब उडतात आणि आसपासच्या ट्रॉलीवर, टॉवेलवर, हातावर बसतात. रुग्णाचं सक्शनचं पाणी, लघवीची पिशवी, उरलेलं सलाइन त्याच सिंकमध्ये ओतलं जात असेल तर जंतूंना खाद्यही मिळतं. बेथेस्डात शेवटी नळजोडणीत हात घालावा लागला.

हात धुण्याचं सिंक आणि घाण ओतण्याची मोरी वेगळी असावी, हा नियम आपल्याकडे कागदावर आहे. प्रत्यक्षात आयसीयूत बहुधा एकच सिंक असतं आणि त्यात चहाचे कपही विसळले जातात.

व्हेंटिलेटरबद्दल माझा अंदाज असा, की आपल्याकडे तो कुणी साफ करायचा हे मुळात ठरलेलंच नसतं. सिस्टर म्हणतात तंत्रज्ञाचं काम, तंत्रज्ञ म्हणतो हाऊसकीपिंगचं, हाऊसकीपिंगच्या मावशींना यंत्राला हात लावायचा नाही असं कुणीतरी बजावलेलं असतं. स्क्रीन, बटणं, हात, नळ्या धरणारा दांडा यांची नावं घेऊन, प्रत्येकापुढे कोण आणि कशाने पुसणार हे लिहिलेलं एक पान यंत्रालाच टांगलं तर अर्धा गोंधळ मिटेल. सगळीकडे हायपो (ब्लीचचं द्रावण) मारणंही बरोबर नाही. काही स्क्रीन त्याने खराब होतात, मग पुसणंच बंद पडतं.

आयसीयूबाहेर

साथ आयसीयूतच आहे असं धरून बराच काळ सगळा जोर तिथे होता. पुढे वॉर्डांमध्येही बाधित सापडले आणि पूर्ण रुग्णालयाची स्वॅब तपासणी करावी लागली. मागे वळून पाहिलं तर हे व्हायचंच होतं. आयसीयूतून रुग्ण बरा होऊन वॉर्डात जातो, हीच तर आयसीयूची यशकथा. जंतूचा वाहकही तसाच जातो, पेढे वाटत.

मला वाटतं इथे निर्णयाला उशीर झाला. सगळ्या इमारतीची तपासणी म्हणजे शेकडो स्वॅब, प्रयोगशाळेवर ताण, आणि पॉझिटिव्ह निघालेल्या प्रत्येकासाठी खोली शोधण्याची कसरत. म्हणूनच तो निर्णय पुढे ढकलावासा वाटतो. तपासलं नाही तर शोधावी लागणारी खोलीही वाचते.

परिणाम

२०११ संपेपर्यंत रुग्ण १ सह १८ जण बाधित निघाले. त्यांपैकी ११ दगावले. सहा मृत्यू थेट या संसर्गाने झाले असं ठरवलं गेलं. बाकीचे पाच मूळ आजाराने गेले, अंगात जंतू असताना. साथ सुरू असतानाच काही नमुन्यांतला जंतू कोलिस्टिनलाही दाद देईनासा झाला होता. रुग्ण १ मात्र वाचली.

डिसेंबरनंतर नवे रुग्ण थांबले. साथ संपली असं वाटत असताना २०१२ च्या उन्हाळ्यात आणखी एका रुग्णाला त्याच जंतूने गाठलं आणि सप्टेंबरमध्ये त्याचा मृत्यू झाला. थेट संसर्गाने गेलेल्यांची संख्या सात झाली. तेव्हापासून ठरावीक अंतराने वाहक शोधण्याची तपासणी ही तिथली कायमची रीत झाली.

सिंकची गोष्टही तिथे संपली नाही. त्याच संस्थेने पुढे २०१८ मध्ये जाहीर केलं की २००६ ते २०१६ या काळात १२ रुग्णांना स्फिंगोमोनास कोरिएन्सिस नावाच्या एका दुर्मीळ जंतूचा संसर्ग झाला होता आणि त्याचा उगम इमारतीच्या पाणीपुरवठ्यात होता. दहा वर्षांत विखुरलेले बारा रुग्ण. जनुकसंच वाचण्याची जी घडी क्लेब्सिएलाच्या वेळी बसली होती, तिच्यामुळेच त्यांचं नातं जुळवता आलं. नाहीतर दर वर्षी एखाद-दुसरी 'किरकोळ' नोंद म्हणून ते पानांत विरून गेले असते.

सांगायचं की नाही

साथ चालू असताना बाहेरच्या जगाला याची माहिती नव्हती. ऑगस्ट २०१२ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला तेव्हा वर्तमानपत्रांतून ती लोकांपर्यंत पोचली आणि रुग्णालयावर जोरदार टीका झाली. कायद्याने तेव्हा असा संसर्ग जाहीर करण्याची सक्ती नव्हती.

टीका रास्त होती, असं माझं मत. पण अर्धीच. लोकांना कळायला हवं होतं, हे खरं. आसपासच्या रुग्णालयांना कळणं त्याहून जरुरीचं होतं, कारण रुग्ण त्यांच्यातच ये-जा करतात. दुसरी बाजू अशी, की त्या रुग्णालयाने आपली साथ, मृत्यूंचे आकडे, साफ करूनही दूषित राहिलेला व्हेंटिलेटर, सगळं स्वतःच छापलं. जगभरातल्या किती रुग्णालयांत अशा साथी येऊन गेल्या आणि एक ओळही बाहेर आली नाही, याची मोजदाद कोण करणार? जो सांगतो त्यालाच मार बसला तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल. आपल्याकडे तर नवजात अतिदक्षता कक्षात चार बाळं आठवड्यात सेप्सिसने (शरीरभर पसरलेल्या जंतुसंसर्गाने) गेली की पहिली बैठक बातमी बाहेर जाऊ नये म्हणून होते, आणि कल्चरचे रिपोर्ट कपाटात जातात.

नातेवाइकांना काय सांगायचं हा वेगळा प्रश्न. 'पेशंटच्या पोटात एक चिवट जंतू सापडला आहे, तो आत्ता त्रास देत नाहीये, पण दुसऱ्यांना जाऊ शकतो, म्हणून वेगळं ठेवतोय, तुम्ही आत जाताना-येताना हात चोळा,' एवढं बोलायला दोन मिनिटं लागतात. न सांगता वेगळं ठेवलं तर बाहेरच्या बाकावर लगेच कुजबुज सुरू होते की आमच्या माणसाला वाळीत टाकलंय.

इथे हे लागू करताना

बेथेस्डाचा कित्ता जसाच्या तसा गिरवता येणार नाही, आणि त्याचं कारण फक्त पैसा नाही. तिथे जंतू पाहुणा होता. एकाच दाराने आला, म्हणून मागोवा घेता आला. भारतात कार्बापेनेमला न जुमानणारा क्लेब्सिएला मोठ्या रुग्णालयांत घरचाच झाला आहे, आणि त्याच्याकडे केपीसीपेक्षा एनडीएम आणि ऑक्सा-४८ गटातली एन्झाइम जास्त असतात. पुण्या-मुंबईच्या एखाद्या मोठ्या आयसीयूत उद्या सगळ्यांचे स्वॅब घेतले तर इतके पॉझिटिव्ह येतील की 'वेगळं' कुणाला ठेवायचं हाच पेच पडेल. तिथे स्वॅबमागे धावण्याआधी हात, लाइनची निगा, दोन खाटांमधलं अंतर आणि अँटिबायोटिकचा हिशोब यांवर भर द्यावा लागेल.

लहान जागी चित्र निराळं आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी दहा खाटांचं आयसीयू, रुग्णालय तुलनेने नवं, आणि मोठ्या शहरात दोन आठवडे व्हेंटिलेटरवर राहून, पैसे संपले म्हणून परत आणलेला रुग्ण दारात. हीच आपली रुग्ण १. फरक एवढाच, की तिच्या कागदांत नोंद होती. आपल्याकडच्या डिस्चार्ज कार्डवर औषधांची यादी असते, बिलाचा तपशील असतो, कल्चरचा रिपोर्ट क्वचितच जोडलेला असतो. अशा रुग्णाचा आल्या दिवशीच स्वॅब घ्यावा. त्यासाठी महागडं किट लागत नाही. पोषक द्रवात मेरोपेनेमची चकती टाकून त्यात स्वॅब रात्रभर ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी मॅकॉन्की प्लेटवर (जंतू वाढवण्याच्या बशीवर) पसरायचा, ही अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने दिलेली पद्धत कुठल्याही मायक्रोबायोलॉजी प्रयोगशाळेत जमण्यासारखी आहे. निकाल येईपर्यंत दोन-तीन दिवस जातात. तोवर त्याला पॉझिटिव्ह समजूनच कोपऱ्यातली खाट द्यायची, शक्य तर त्या पाळीला एक सिस्टर त्याच्याच बाजूला, आणि स्टेथोस्कोप, बीपीचा पट्टा, थर्मामीटर त्या खाटेलाच बांधलेला.

आणि तो सुटून गेल्यावर, त्याच्या शेजारच्या खाटांवर जे होते त्यांची नावं वहीत लिहून ठेवायची. पुढच्या तीन-चार आठवड्यांत त्यांच्यातलं कुणी वॉर्डात ताप घेऊन पडलं, तर ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरने मेरोपेनेम सुरू करण्याआधी ती वही उघडायची आणि कल्चर पाठवायचं.